खापर

ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सहाला पोचले
तेव्हा उजेड अजून शिवाजी पुलाखालीच रेंगाळत होता.
ट्रायपॉड उभा केला आणि सवयीनं म्हटलं,
"जरा बाजूला होता का?"
मशेरी लावणारा म्हातारा बाजूला झाला.
शेळी नाही झाली.

वीस वर्षं मी हेच म्हणत आले आहे.
हंपीत केळीवालीला,
बदामीच्या तळ्यावर धुणं आपटणाऱ्या तिघींना,
खिद्रापूरला त्या गोल उघड्या छताखाली
आभाळ बघत उताण्या पडलेल्या शाळेच्या पोरांना.
बाजूला व्हा, मागचं दिसू दे.
आणि मागचं दिसलं.
स्वच्छ, सोनेरी, माणूस न लागलेलं.
एका बँकेच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या पानावर
छापूनही आलं.

इथं मात्र मागचं असं काही नाहीच.
कमान नाही, खांब नाही.
वाचलं होतं तेवढंच, की ह्याच मातीतून
दोन हजार वर्षांमागचं गाव निघालं,
आणि वीतभर उंचीचा, दूर देशाहून आलेला
एक समुद्रदेव. आता टाउन हॉलमध्ये
काचेआड उभा असतो,
समुद्र कुणीकडं ते विसरल्यासारखा.
बाकी टेकाड. घरं. एक दोरी,
दोरीवर नगरपालिका शाळेचे दोन गणवेश.
लेन्सला पकडायला काही सापडेना.

उतरताना चपलेखाली कुरकुरलं.
खापराचा तुकडा. लाल, काठाशी काळा.
तो रुमालात घेऊन
कुंभार गल्लीत गेले.

बाळासो कुंभार उकिडवे बसलेले,
कोपरापर्यंत शाडू.
भिंतीवर माझ्या कपाळाइतकी उंच
एक निळी रेघ.
"एकोणीसचं पाणी," त्यांनी न विचारताच सांगितलं.
"चारशे मूर्ती हुत्या. रंग तेवढा द्यायचा ऱ्हायलेला.
पाणी उतरल्यावर दार ढकललं, तर सगळा गाळ.
एक सोंड तेवढी फळीवर.
आता फळी वर घेतलीया."

खापर दाखवलं. किती जुनं असेल?
"ते म्युझियमवाल्यास्नी इचारा.
माझ्या आज्जाचं बी असंल. त्येच्या आधीचं बी."
मग तुकडा उलटा केला
आणि आतल्या अंगाला अंगठा लावला.
तिथं एक खळगा होता.
मी पाहिला नव्हता.
अंगठा बसेना.
त्यांनी हात बदलला, डावा लावला.
बसला.

"डावरा हुता गडी," ते म्हणाले.
"आन घाईत. हितं बघा, माती सारखी केलीच न्हाई.
बाजाराचा वार असंल."

पणजोबाच्या मागं आपण खापर का लावतो
हे मी कधी कुणाला विचारलं नाही.
मला खापर माहीत होतं
कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं.
हे असं, अंगठ्यानं अंगठा चाचपून बघायचं,
नव्हतं माहीत.

फोटो घेऊ का, म्हटलं.
बाळासो लगेच उठायला लागले.
मांडीवरचा लगदा खाली ठेवला,
खापर पाटावर नीट मांडलं, खळगा वर करून,
हात पुसले, आणि अगदी समजुतीनं म्हणाले,
"बाजूला हू का?"

मी काय बोलले ते आठवत नाही.
फोटोत हात आहे. हललेला.
खापर स्पष्ट आलंय, अंगठ्याचा नुसता
मातकट धूर.
असा फोटो मी एरवी जागच्या जागी पुसला असता.

दुसऱ्या दिवशी तुकडा परत ठेवायला टेकाडावर गेले.
नेमकी जागा सापडेना.
म्हातारा मशेरी लावत होता, मला बघून
आपणहून दोन पावलं सरकला.
काका, असू दे, म्हटलं, उभे राहा.
"कालची पसंत न्हाई पडली व्हय जागा?"

शेळी तिथंच होती.